दहा दंडांची बाटली

३ नोव्हेंबर २००९, मंगळवार

ही वही मालाननं दिली. म्हणाली, "जे जे तोंडावर येतं ते आधी हिच्यात लिही. कागद रुसत नाही." तीस वर्षांच्या संसारात बायकोकडून मिळालेली ही भेट. इतर बायका नवऱ्यांना स्वेटर विणून देतात.

तिचा रोख माझ्या पोवाड्यांवर आहे. आमच्याकडे पोवाडे शूरांचे नसतात, फजितीचे असतात. कुणी भलत्याचीच मेंढी कातरून घरी आणली, कुणाची होडी भर समुद्रात बंद पडली, की त्यावर कडवी रचायची आणि हिवाळ्यात नाचाच्या रिंगणात सगळ्या गावानं हात धरून ती म्हणायची. फेरो बेटांची ही जुनी रीत. आमच्या स्काल्वोय बेटावर ती सध्या एकट्या माझ्या खांद्यावर उभी आहे. इथं अकरा माणसं राहतात. त्यांतल्या नऊ जणांवर माझे पोवाडे आहेत. उरले दोघे, मी आणि मालान.

असो. आज मोठ्या बेटावरून डॉक्टर रान्वाचा फोन आला.

"हानुस, मालानला स्वाइन फ्लूची लस मिळालीच पाहिजे. तिची फुफ्फुसं आधीच निम्म्यानं चालतात. हा ताप तिला झेपायचा नाही."

"मग आणा की घेऊन. कॉफी करून ठेवतो."

"एका माणसापुरती लस येतच नाही हो. बाटली दहा जणांची आहे. एकदा औषध कालवलं की चोवीस तासांत संपवायचं, उरेल ते फेकायचं. आणि सध्या माझ्याकडे फेकायला एक थेंब नाही. दहा माणसांचे दंड जमवा, मी बोटीनं येते. नऊ जमले तर नाही येणार."

मालानला तिकडं नेणं जमणार नाही. आमच्या धक्क्यापासून घरापर्यंत कड्यात खोदलेल्या एकशे अठरा पायऱ्या आहेत. या थंडीत ती उतरेल, चढायची नाही. शिवाय ती म्हणते तेही खरं: "ताप चुकवायला तापाच्याच गावी जाऊ होय?"

पण ताप इकडं येणारच आहे. बावीस डिसेंबरला आमचा एय्दुन ट्रॉलरवरून सुट्टीला येतो, चार बंदरं फिरून, चाळीस खोकणाऱ्या खलाशांसोबत. पोराला नाताळाला येऊ नको म्हणायचं, की त्याआधी आईला लस टोचायची? एवढाच प्रश्न आहे.

अकरा माणसं. त्यांतल्या रोईला अंड्याची ॲलर्जी आहे, त्याला ही लस चालत नाही. (समुद्रपक्ष्यांची अंडी खाऊन जगणाऱ्या बेटावर हा माणूस साठीला कसा पोचला, याची माझ्याकडे चौदा कडवी आहेत.) उरले दहा. लागतात दहा.

यात कठीण ते काय? एका दुपारचं काम.

४ नोव्हेंबर, बुधवार

सह्यांचा कागद घेऊन आधी याकुपकडे गेलो. तो बेटाची बोट चालवतो, म्हणजे इंजिनाची मर्जी असेल तेव्हा.

"त्यात पारा आहे म्हणे," तो दारातूनच म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"कॉम्प्युटरनं."

"तुझं इंजिन का बंद पडतं ते विचार की त्याला एकदा."

मग माझ्या 'इंजिनाच्या पोवाड्या'चं नववं कडवं त्यानं आपणहून म्हणून दाखवलं, शब्दन् शब्द. पाच वर्षं झाली त्याला. त्याच्या मेव्हणीच्या लग्नाचं वऱ्हाड धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर तीन तास तरंगत होतं, नवरीसकट. माणसानं आपली कविता इतकी जिवाशी धरावी याचं मला समाधान वाटलं. सही मात्र त्यानं केली नाही. त्याच्या बायकोनं नाही, भावानं नाही. तिघांचं एकच, पारा.

तिथून सान्नाआत्याकडे. वय एक्क्याऐंशी, हातात कायम चार सुया आणि एक अर्धवट मोजा.

"पारा असलेलं काही मी अंगात घेणार नाही," ती म्हणाली. "आणि तू सांगतोयस म्हणून तर मुळीच नाही."

पाऱ्याबद्दलचा भाग मी टिपून घेतला. डॉक्टरना विचारायला हवं.

७ नोव्हेंबर, शनिवार

हिशेब: मी, मालान, खालच्या घरातलं जोडपं आणि त्रोंदुर. पाच सह्या. त्रोंदुरला कमी ऐकू येतं, पण सही करताना हसला, म्हणजे कळलं असावं.

पाच बाकी. दीपगृहावरच्या मिचालकाकांकडे अजून गेलोच नाही. आज पाऊस होता. उद्या रविवार.

९ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टर रान्वाला फोन केला. बाईनं पाव तास दिला, वर एकदाही 'घाबरू नका' म्हणाली नाही. हे मला आवडलं.

"पारा आहे," ती म्हणाली. "लपवायचं कशाला? एकाच बाटलीत दहा वेळा सुई जाते. दर वेळी एखादा जंतू आत शिरायची संधी. तो आत वाढू नये म्हणून पाऱ्याचं एक संयुग राखणीला घातलेलं असतं. पण पारा काही एकाच जातीचा नसतो, हानुस. देवमाशाच्या मांसात असतो तो अंगात बिऱ्हाड थाटतो. निम्मा बाहेर पडायलाच दीडदोन महिने. लशीतला पाहुण्यासारखा, आठवड्याभरात निम्मा चालता होतो."

"आणि किती असतो?"

"तुम्ही देवमाशाचा एक घास खाता ना, त्या एका घासात या सगळ्या बाटलीइतका."

"एका घासात दहा जणांचा?"

"साधारण तसंच. पण हे गणित जपून वापरा. गेल्याच वर्षी आम्ही डॉक्टरांनी लोकांना देवमासा खाऊ नका म्हणून सांगितलंय, ती जखम अजून ओली आहे. टोमणा म्हणून तर अजिबात वापरू नका."

टोमणा! मी कशाला टोमणा मारीन? मी बसलो आणि जेवणाआधी बावीस कडवी पूर्ण केली. धृपद असं जमलं:

ताटभर पारा मिटक्या मारत गिळती सारे वीर,
सुईभर पारा दिसला आणि सुटला त्यांचा धीर!

इतकं स्वच्छ शास्त्र या बेटावर कुणी यमकात बसवलं नसेल. मालानला वाचून दाखवणार होतो, पण ती गोठ्यातून आली आणि श्वास जमवत बसली. मग राहिलं.

१४ नोव्हेंबर, शनिवार

जुन्या शाळेत शनिवारची कॉफी. सगळे होते, फक्त मिचालकाका नव्हते. मी उभा राहून म्हटलं.

तिसऱ्या कडव्याला खालच्या घरातल्या बाईंनी कप खाली ठेवला. दहाव्याला याकुपनं टोपी घातली. बावीस झाली तेव्हा खोलीत फक्त सान्नाआत्याच्या सुयांचा आवाज होता. मग तोही थांबला.

"त्या परदेशी बोटी येतात," ती म्हणाली, "देवमासे मारतो म्हणून आम्हाला खुनी म्हणणारी माणसं घेऊन. त्यांचं मी मनावर घेत नाही, परकी माणसं ती. पण तू याच बेटावर जन्मलास. तुझा पहिला दात देवमाशाच्या चरबीवर घासलाय मी."

"आत्या, मी देवमाशाविरुद्ध नाही, मी फक्त प्रमाण सांगत होतो."

"माझ्या आज्यानं नऊ पोरं याच मांसावर जगवली," याकुप म्हणाला. "त्याला तू आता वेडा ठरवलास, ताल धरून."

"अरे, उलट! इतका पारा पचवणारे आपण, तर लशीतला—"

"म्हणजे आम्ही विष खातो."

"मी विष म्हणालोच नाही!"

"सोळाव्या कडव्यात म्हणालास," याकुपचा भाऊ म्हणाला. लक्ष देऊन ऐकत होता लेकाचा.

खालच्या घरातल्या जोडप्यानं जाताना आपल्या सह्या खोडल्या. एकमेकांच्या नव्हे, आपापल्या, नीट सरळ रेघेनं. शिस्तीची माणसं.

हिशेब: मी, मालान आणि त्रोंदुर. त्याचं कानाचं यंत्र आज बंद होतं.

मला खरंच कळत नाही. एक यमक चुकलं नव्हतं.

१६ नोव्हेंबर, सोमवार

मालान गोठ्यातून स्वयंपाकघरात येताना पूर्वी एकदा थांबायची. आज तीनदा थांबली. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा वर आभाळाकडे बघत राहिली, पक्षी बघत असल्यासारखी. आभाळात काही नव्हतं. मी खिडकीतून बघत होतो. तिला ते माहीत नाही.

बटाटे सोलताना म्हणाली, "लोक पाऱ्याला घाबरत नाहीयेत, हानुस."

"मग काय माशाला?"

"माशाला नाही."

"मग कशाला?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी अजून न सोललेला एक बटाटा आहे. "मिचालकाकांकडे जाऊन ये," एवढंच म्हणाली.

तिला शास्त्र समजावून सांगण्यात अर्थ नाही. पण जाऊन येतो.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

हे नीट लिहायला हवं, आणि मला नीट लिहिता येईल की नाही ठाऊक नाही.

मिचालकाका अठ्ठ्याहत्तरचे. दीपगृहाचा दिवा आता आपोआप फिरतो, पण राहतात अजून पायथ्याच्या घरात. मी गेलो तेव्हा टेबलावर दोन कप मांडून ठेवले होते. मला येताना कड्यावरून पाहिलं असावं.

"पारा काय असतो ते तू मला सांगणार आहेस, पोरा?" ते म्हणाले. "दिव्याचं भिंग कशावर तरंगायचं ठाऊक आहे? एवढं मोठं काचेचं धूड, दोन गाईंच्या वजनाचं. खाली पाऱ्यानं भरलेलं कुंड. बोटानं ढकललं तरी फिरायचं. वर्षातून एकदा आम्ही तो पारा बाहेर काढायचो, कातड्याच्या फडक्यातून गाळायचो आणि परत ओतायचो. दारंखिडक्या बंद, कारण वारा आला की धूळ बसते. लहानपणी सांडलेले थेंब मी जमिनीवर गोट्यांसारखे खेळलोय. माझ्या आधी बाबा होते तिथं. शेवटी शेवटी ते माझं नाव विसरले, आणि आईवर ओरडायचे. कधीही न ओरडणारा माणूस."

"पण लशीतला पारा वेगळा—"

"असेल. मला हे माहीत आहे." त्यांनी हात पुढे केले. थरथरत होते. "डॉक्टर म्हणतात वयामुळे. दुसरे डॉक्टर म्हणाले, असेलही पाऱ्यामुळे. मी कुणाला विचारायचं सोडून दिलं. तू मात्र त्याचा पोवाडा केलास."

केला होता. गेल्या वर्षी नाताळात. 'कॉफीची लाट', सात कडवी. दीपगृहाच्या रखवालदाराच्या कपात वादळ उठतं, टेबलाचा धक्का बुडतो आणि शेवटी कप फुटतो. लोक खूप हसले होते. काकाही हसले होते, निदान मला तसं आठवत होतं.

"तो फुटला तो कप माझ्या आईचा होता," ते म्हणाले. रागानं नव्हे, वेळापत्रक सांगावं तसं.

मी कॉफी प्यायलो. उठलो. दारापर्यंत आलो, तिथं काहीतरी बोलायचं होतं. बोललो ते असं: "वारा वाढणार आहे."

नऊ पोवाडे. बारा वर्षं. आणि मी घरोघर जाऊन पाऱ्याचं प्रमाण सांगत होतो.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

मालानला म्हणालो, "ते पाऱ्याला घाबरत नाहीत."

"नाहीत," ती म्हणाली. "काका सोडून."

२१ नोव्हेंबर, शनिवार

सान्नाआत्याकडे जाऊन सरळ विचारलं, "तुम्हाला सगळ्यांना माझा राग आहे ना?"

"बारा वर्षांनी विचारलंस," ती म्हणाली. "मोजा उसवतो तेव्हा पहिल्याच दिवशी विचारायचं असतं."

"काय करू?"

तिनं सुया मांडीवर ठेवल्या. ही गोष्ट ती वर्षातून फार तर दोनदा करते. "जुन्या काळी ज्याच्यावर पोवाडा रचायचे, त्याला रिंगणात दोन धिप्पाड माणसांच्या मधे उभा करायचे. हात घट्ट धरून. पोवाडा संपेपर्यंत त्यानं सुटायचं नाही, सगळ्यांबरोबर पावलं टाकायची, स्वतःचीच फजिती स्वतःच्या कानानं ऐकायची. तू आमच्यावर रचलेस, पण म्हणताना आम्ही कधी घरी असायचो, कधी बोटीवर. तुला कुणी कधी धरून नाही ठेवलं."

"म्हणजे माझ्यावर पोवाडा?"

"तेहतीस कडवी झालीत. सगळ्यांनी मिळून केलीत, तुझ्या त्या बावीस कडव्यांच्या दुसऱ्या दिवसापासून. पुढच्या शनिवारी. शेवटपर्यंत टिकलास तर मी सही करते. याकुपचं घरही करेल, खालचं घरही."

"आणि नाही टिकलो तर?"

"तर आणखी कडवी करू."

२४ नोव्हेंबर, मंगळवार

वादळ. बोट नाही. दोन मेंढ्या कड्याच्या आडोशाला अडकल्या होत्या, याकुपनं आणि मी दोर लावून काढल्या. पूर्ण वेळ तो स्वतःशी काहीतरी गुणगुणत होता आणि माझ्याकडे बघून थांबत होता.

२८ नोव्हेंबर, शनिवार

उजव्या हाताला याकुप, डाव्या हाताला त्याचा भाऊ. दोघांचे पंजे वल्ह्यांसारखे. संध्याकाळी सहाला सुरू झालं. दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे, आणि दर कडव्याला शाळेच्या लाकडी जमिनीवर सगळ्या गावाचे बूट. आमच्या नाचाला वाद्य नसतं, नुसता माणसांचा आवाज. पळायला निमित्तही नसतं.

पहिल्या पाचांत माझं नाक. सहा ते अकरा, मी राजधानीत, तोर्शहाव्हनला कवितास्पर्धेला गेलो होतो आणि तिसरा आलो होतो ते. स्पर्धक तीनच होते ही गोष्ट मी बेटावर कुणालाही सांगितलेली नाही. म्हणजे एकीलाच सांगितली होती. मी बाकाकडे पाहिलं. मालान शालीत गुंडाळून बसली होती आणि छताकडे बघत होती.

सतराव्याला माझे पाय अडखळले. याकुपनं मला अल्लद उचलून पुन्हा तालात ठेवलं आणि कानात म्हणाला, "धीर धर रे, वीरा." त्रोंदुर सगळ्यांत मोठ्यानं गात होता. यंत्र चालू होतं.

विसाव्याच्या आसपास मला घाम फुटला, आणि नाचानं नव्हे. त्या कडव्यांत विनोद होते, चांगले होते, आणि त्यांतलं एकही खोटं नव्हतं. मी आजवर समजत होतो की खरं आहे ते म्हणायला हरकत नाही. खरं कसं लागतं, ते मी कधी चाखलंच नव्हतं.

एकतिसावं मालाननं रचलेलं होतं. ते म्हणताना सगळे एकदम हळू झाले:

माझा नवरा मोठा कवी, शब्द त्याचे धारदार,
आज मागतो त्यांचे दंड, काल ज्यांवर केले वार.

आणि ती स्वतः हसत सुटली. हसता हसता खोकला लागला, खोकला थांबेना. रिंगण तुटलं. मी सुटून धावलो ते कुणी धरलं नाही. तिचा दम्याच्या औषधाचा फवारा शालीत अडकला होता. सान्नाआत्यानं तो काढून हातात दिला. खालच्या घरातल्या बाई तिची पाठ चोळत होत्या. दोन मिनिटं गेली. दहाच्या दहा माणसं तिच्या छातीकडे बघत होती, वरखाली होतेय का.

श्वास परतल्यावर तिचं पहिलं वाक्य: "अजून दोन राहिलीत. जा, उभा राहा."

मी उभा राहिलो. तेहतीस पूर्ण झाली. मग याकुपनं मेजावर कागद ठेवला आणि पेन आधी बायकोला दिलं. त्यांच्या घरच्या तीन आणि सान्नाआत्याची एक, चार सह्या. मग खालचं घर, दोन. पाच मिनिटांत सहा.

मी मोजलंय, तेहतीस कडव्यांत सात जागी ताल चुकलाय. हे फक्त या वहीला सांगतोय.

हिशेब: नऊ. मिचालकाका सगळा वेळ बाकावर होते. ना गायले, ना सही केली. निघताना मला म्हणाले, "चांगला नाचलास."

२९ नोव्हेंबर, रविवार

दीपगृहावर गेलो.

"माफ करा," म्हणालो. "कॉफीच्या पोवाड्याबद्दल. आणि कपाबद्दल."

"दंड हवाय म्हणून माफी मागतोस?"

"हो. म्हणजे नाही. दंडही हवाय. पण नसता हवा तरी..." इथं अडकलो. खरं काय ते मलाच ठाऊक नाही. दंडाची गरज नसती तर मी या दारात आलो असतो का? लिहितानाही छातीवर हात ठेवून हो म्हणता येत नाहीये.

"दंड मिळणार नाही," ते म्हणाले. "माफी ठेवून जा."

२ डिसेंबर, बुधवार

सकाळी मिचालकाका स्वतः आमच्या दारात. एवढ्या वाऱ्यात, मैलभर चालून. "त्या डॉक्टरीणबाईंचा नंबर लाव. माझ्या बोटांनी भलतीच बटणं दाबली जातात. आणि तो आवाज मोठा ठेव, दोघांनी ऐकू दे. मालानलाही."

मी लावला. त्यांनी कुंडाची, फडक्याची, वडिलांची सगळी हकिकत सांगितली. रान्वा मधे एकदाही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "काका, तुमची भीती उगाच नाही. बंद खोलीत पाऱ्याची वाफ, तीही वर्षानुवर्षं. ती वाईटच. तुमच्या वडिलांना तिनंच तसं केलं असेल, मी नाही म्हणणार नाही."

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मला वाटतं, आजवर कुणी त्यांना हे म्हटलंच नव्हतं.

"मग हे घ्यायला कसं सांगता?"

"कारण हे ते नव्हे. वाफ नाही, किलो नाही, वर्षं नाहीत. एका दंडात एका ग्रॅमच्या लाखाव्या हिश्श्याहूनही कमी, आणि तेही चटकन बाहेर पडणारं."

"इतकं निर्धोक आहे तर डेन्मार्कनं मुलांच्या लशींतून ते काढलं कशाला? मीही वाचतो, बाई."

"काढलं, सतरा वर्षं झाली. खबरदारी म्हणून, आणि एकेकट्या मात्रेच्या बाटल्या परवडतात म्हणून. मग संशोधकांनी मोजून पाहिलं. मुलांतल्या स्वमग्नतेचा ठपका लोक त्या पाऱ्यावर ठेवत होते. तो काढल्यावर ती कमी व्हायला हवी होती ना? नाही झाली."

"आणि ही लस? नवी आहे."

"नवी आहे. तिच्याबद्दल सगळं माहीत आहे असं मी म्हणणार नाही. आम्ही लक्ष ठेवून आहोत, आणि काही कळलं तर तुम्हालाही कळवीन. पण तुम्ही पाऱ्याचं विचारलंत. बाटलीत जंतू वाढू न देणाऱ्या त्या राखणदाराची माहिती सत्तर वर्षांची आहे. आणि तुम्हाला नको असेल, काका, तर नको. मी मालानसाठी दुसरी वाट शोधीन. फेब्रुवारीत कदाचित एकेकट्या मात्रा येतील."

"फेब्रुवारी," काका म्हणाले. त्यांनी मालानकडे पाहिलं. ती चुलीपाशी पॅनकेक उलटत होती आणि मुद्दाम पाठ करून उभी होती. खांदे वरखाली होत होते, नेहमीपेक्षा भराभर.

काकांनी दोन पॅनकेक खाल्ले, रुबार्बच्या मुरंब्याबरोबर. हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. जाताना विचारलं, "बोट कधी?"

"मंगळवारी. दहा दंड झाले तर."

"हवा बरी असेल मंगळवारी," ते म्हणाले. आयुष्यभर दिवा सांभाळलेला माणूस हवेबद्दल उगाच बोलत नाही. पण सही हवेवर होत नाही.

डॉक्टरना काय सांगू? खोटं सांगितलं नाही. म्हणालो, "नऊ सह्या, आणि एक माणूस हवा बघतोय." तिकडून पानं चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "येते. बाटली तिथं येऊन, दहा माणसं डोळ्यांनी बघूनच कालवीन."

८ डिसेंबर, मंगळवार

हवा बरी होती.

याकुपचं इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं आणि त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंडातल्या तोंडातही यमक जुळवलं नाही. दहा वाजता डॉक्टर रान्वा खडकावर उडी मारून उतरली, लशीचा थंड डबा पाठीवर, आणि एकशे अठरा पायऱ्या एका दमात चढली. तरुण आहे.

शाळेत खुर्च्या मांडल्या होत्या. नऊ माणसं बाह्या वर करून. रोई नुसताच बघायला आला होता, तोही बाही वर करून. रान्वानं डबा मेजावर ठेवला, उघडला नाही. पावणेअकरा. अकरा. सान्नाआत्या विणत राहिली, पण मी पाहिलं, ती एकच ओळ पुन्हा पुन्हा उसवत होती.

अकरा वाजून दहा मिनिटांनी मिचालकाका आले. रविवारच्या कोटात. याकुपनं खुर्ची पुढे सरकवली तर ते म्हणाले, "मी शेवटी. आधी मालान."

लस दोन कुप्यांत येते; त्या कालवून एक बाटली झाली. काकांनी ती मागितली, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली, थरथरत्या हातानं पण बराच वेळ, आणि परत दिली. मालान पहिली. तिनं डोळे मिटले नाहीत, माझ्याकडे बघत राहिली. मग मी, मग त्रोंदुर, खालचं घर, याकुप, त्याची बायको, त्याचा भाऊ (हा धिप्पाड गडी सुई बघून घट्ट माझा हात धरून बसला, या खेपेला त्यालाच धरून ठेवायची गरज होती), मग सान्नाआत्या. दर वेळी नवी सुई, दर वेळी तीच बाटली. काका प्रत्येक वेळी ओठ हलवत होते. मला वाटलं प्रार्थना करताहेत.

मोजत होते.

"नऊ," ते म्हणाले आणि कोट काढला. बाही दुमडायला हात साथ देईना. मी पुढे झालो, दुमडली. चालवून घेतलं त्यांनी.

रान्वानं सुई हातात घेतली आणि थांबली. "काका, नक्की ना?"

"बाई, या बाटलीत नऊ वेळा सुई जाऊन आली," काका म्हणाले. "यात तो राखणदार नसता, तर मी दंड पुढे केला नसता."

रान्वा हसली नाही. तिनं मान हलवली आणि टोचलं.

"झालं?"

"झालं."

"बस्स? एवढंच?" ते म्हणाले, आणि मग शाळेत जो आवाज झाला तो त्या खोलीत बऱ्याच वर्षांत झाला नसेल. सान्नाआत्यासुद्धा. रोई तर सगळ्यांहून जास्त हसला, त्याला टोचलं नव्हतं म्हणून असेल.

आता माझा दंड दुखतोय. मालानचाही. बटाट्यांचं पातेलं चुलीवरून उतरवायला आम्हाला दोघांचे मिळून दोन हात लागले, एकेकाचा एक.

रान्वा सांगून गेली, लस नीट लागू पडायला चौदा दिवस लागतात. मालाननं भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जाऊन बोटानं मोजलं. नऊपासून सुरू करून बावीसवर थांबली, पुन्हा मोजलं, पुन्हा बावीसवर थांबली.

"एय्दुनला कळव," ती म्हणाली. "ये म्हणावं. आणि त्याला घ्यायला मी येणार आहे. पायऱ्या नाही उतरणार. वरच्या पायरीवर उभी राहीन. चढून त्यानं यायचं."